अहिंसेविषयी नेत्यांची मते आणि आपल्या मुक्तिसंग्रामातले शस्त्र

गोदाकाठ (नांदेड)

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की आपल्याकडे दोन विधाने हमखास ऐकू येतात. एक असे की, मराठवाडा बंदुकीने मुक्त झाला आणि गांधीजींची अहिंसा हैदराबादच्या निजामापुढे निरुपयोगी ठरली. दुसरे असे की, लढा चालवणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस ही गांधीजींच्या विचारांची संघटना होती, म्हणून आपला लढा मुळात अहिंसकच होता. दोन्ही विधाने करणारी माणसे मनापासून बोलत असतात. परंतु स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांची अहिंसेच्या बाजूचे आणि विरोधातले अशी सरळ दोन गटांत विभागणी करता येते, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. त्या नेत्यांनी स्वतः काय लिहिले आणि काय केले हे पाहिले तर ही विभागणी टिकत नाही, आणि हैदराबाद संस्थानाचा इतिहास समोर ठेवला तर ती मुळीच टिकत नाही. या धाग्यावर त्याचीच चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

सुरुवात लोकमान्यांपासून करतो. जानेवारी १९२० मध्ये टिळकांनी 'यंग इंडिया'ला पाठवलेल्या पत्रात, राजकारण हा साधूंचा नव्हे तर संसारी माणसांचा व्यवहार आहे असे स्पष्ट लिहिले, आणि 'अक्कोधेन जिने कोधं' या बुद्धवचनापेक्षा 'ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्' हे श्रीकृष्णाचे वचन आपल्याला अधिक मान्य असल्याचे सांगितले. गांधीजींना हा भेद मान्य नव्हता आणि त्यांनी तसे उत्तरही दिले. हे पत्र पुढे करून टिळक शस्त्रवादी होते असे कुणी म्हणतो तेव्हा मात्र मला थांबवावेसे वाटते. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, होमरूल हा त्यांचा सगळा जाहीर कार्यक्रम निःशस्त्रच होता. त्यांचा आक्षेप निःशस्त्र मार्गाला नव्हता; तो मार्ग कोणत्याही परिस्थितीत सोडायचाच नाही, असे आधीच बांधून घेण्याला होता.

दुसरीकडे गांधीजींनीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तलवारीच्या सिद्धांतावर लेख लिहून, भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकाचीच निवड करायची असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन, असे म्हटले होते. अहिंसा अनंत पटींनी श्रेष्ठ आहे हेही त्यांनी त्याच लेखात सांगितले, आणि उद्धृत करताना एक भाग घेऊन दुसरा सोडण्याची सोय दोन्ही बाजूंनी करून घेतली आहे.

पुढे ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस चौकी पेटवली, बावीस पोलीस मारले गेले आणि बार्डोलीच्या सत्याग्रहाची सगळी तयारी झालेली असताना गांधीजींनी आंदोलन थांबवले. मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय तुरुंगात होते आणि दोघेही संतापले. तरुण जवाहरलालांनी नंतर आत्मचरित्रात विचारलेला प्रश्न आजही ताजा आहे : एका दूरच्या खेड्यातील जमावाच्या कृत्याने देशभराचा लढा थांबत असेल, तर त्या मार्गात कुठेतरी उणीव आहे असे म्हणायचे की नाही? काँग्रेससाठी अहिंसा हा धर्म होऊ शकत नाही, फळ देण्याची आशा असलेले धोरण म्हणूनच ती स्वीकारता येते, ही नेहरूंची भूमिका तेव्हापासून फारशी बदलली नाही.

हा भेद खऱ्या अर्थाने उघडा पडला तो १९४० मध्ये, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते. महायुद्धात फ्रान्स कोसळला होता. स्वतंत्र भारताने परकीय आक्रमणाला तोंड कसे द्यायचे हा प्रश्न आता पुस्तकी राहिला नव्हता. जूनमध्ये वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यकारिणीने सांगितले की स्वातंत्र्यलढ्यात अहिंसा कायम राहील, परंतु देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत आम्ही गांधीजींच्या टोकापर्यंत जाऊ शकत नाही. राजाजी आणि सरदार पटेल या बाजूला होते. अध्यक्ष मौलाना आझाद यांची भूमिका तर अशी की, काँग्रेस ही शांततावादाचा प्रचार करणारी संस्था नसून देश स्वतंत्र करण्यासाठी निर्माण झालेली संस्था आहे. जुलैमध्ये पुण्याच्या महासमितीने युद्धात सशर्त सहकार्याचा ठराव केला. आणि कार्यकारिणीचा राजीनामा कोणी दिला? खान अब्दुल गफार खान यांनी. ज्या पठाण समाजाला इंग्रज लढवय्या म्हणत, त्या समाजातून आलेला हा माणूस अहिंसेच्या प्रश्नावर बाहेर पडला, आणि ज्यांना आपण सरसकट 'गांधींचे अनुयायी' म्हणतो ते आत राहिले.

आता आपल्या भागाकडे येतो. स्वामी रामानंद तीर्थ यांनी टिळकांच्या निधनानंतर आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत शिकवले, आणि गांधीजींचा कार्यक्रम आपला मानला. सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी सत्याग्रहाला निघाली आणि त्यानंतर काही दिवसांतच स्वामीजीही तुरुंगात गेले. १९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला. १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंग्यासाठी ते पुन्हा पकडले गेले. इथपर्यंत सगळे गांधीजींच्या वहिवाटीत बसते.

त्यानंतर काय झाले? दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसची कृती समिती उभी राहिली. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर उमरखेड, वाशीम, बार्शी, मनमाड, चांदा असे कॅम्प सुरू झाले. करोडगिरी नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले होऊ लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी आमच्या नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक उमरखेड कॅम्पच्या कार्यकर्त्यांनी लुटली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. स्वामीजी त्या वेळी पुन्हा तुरुंगात होते. परंतु कॅम्पच्या कामाची जबाबदारी त्यांनी कधी नाकारली नाही.

माझे म्हणणे असे आहे की, बहुतेक नेत्यांनी अहिंसेचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे दिलेच नाही. समोर कोण आहे, लढणारा समाज कोणता आहे आणि लढाई कशासाठी आहे, हे पाहून त्यांनी उत्तर दिले. १९३८ चा सत्याग्रही आणि १९४८ चा कॅम्पवाला ही बहुतेक वेळा एकच माणसे होती, आणि त्यांनी मधल्या काळात आपली निष्ठा बदलली नव्हती. आपल्या गावाकडचे अनुभव, वाचन आणि मतभेद कृपया सविस्तर लिहावेत.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

गोदाकाठ, मांडणी अभ्यासपूर्ण आहे, परंतु शेवटच्या निष्कर्षाशी माझा तीव्र मतभेद आहे, आणि आदर राखूनच तो नोंदवतो.

'परिस्थिती पाहून उत्तर दिले' असे म्हटले की सगळेच सोपे होते, आणि गांधीजी त्या यादीत बसतच नाहीत. डिसेंबर १९३८ मध्ये काय घडले ते आठवावे. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह जोरात होता, शेकडो माणसे तुरुंगात होती. त्याच वेळी आर्य समाजाचा आणि हिंदु महासभेचाही सत्याग्रह संस्थानात चालू झाला होता. स्टेट काँग्रेसच्या राजकीय लढ्याला जातीय रंग चढू नये म्हणून गांधीजींनी तो स्थगित करायला लावला. स्वामीजींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा निर्णय किती जड गेला असेल याची कल्पना करता येते; तरी त्यांनी तो पाळला. परिस्थिती पाहणाऱ्या माणसाने ऐन भरात आलेला लढा थांबवला नसता. साधन स्वच्छ आहे की नाही, एवढे एकच गांधीजींनी पाहिले.

म्हणून १९४७-४८ मध्ये आपल्या लोकांनी जे केले त्याला गांधीमार्गाचा विस्तार म्हणणे मला पटत नाही. ते वेगळे पाऊल होते, त्याची कारणे होती, आणि ती कारणे इतकी भक्कम होती की त्यांना गांधीजींच्या आधाराची गरज नाही. २९ ऑक्टोबर १९४६ ला बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला तेव्हा ते कोणतेही शस्त्र घेऊन निघाले नव्हते. बिदर जिल्ह्यात गोरट्याला मे १९४८ मध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, जे हत्याकांड केले ते त्या भागात अजून विसरलेले नाही. अशा वेळी गावाच्या रक्षणासाठी माणसाने बंदूक उचलली तर ती उचलली असेच सांगावे, आणि अभिमानाने सांगावे. १९२० च्या लेखातील एक वाक्य काढून त्यावर गांधीजींची मोहोर उमटवण्याने गांधीजींवरही अन्याय होतो आणि उचलणाऱ्यावरही.

आणखी एक बाब. निरपेक्ष अहिंसेवर सर्वांत कडक टीका करणारे सावरकर. परंतु १९३८-३९ मध्ये हैदराबादेत हिंदु महासभेने जे केले त्याला त्यांनी नाव दिले 'निःशस्त्र प्रतिकार', आणि तो तसाच झाला. माणसे बाहेरून तुकड्यांनी आली, कायदा मोडला, तुरुंगात गेली. गोदाकाठ यांचे सरळ दोन गट टिकत नाहीत हे विधान यामुळे पक्केच होते. माझा आक्षेप फक्त गांधीजींना त्या मिश्रणात घालण्यापुरता आहे.

---

पूर्णा_२१ (परभणी)

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. दोन शंका आहेत. करोडगिरी नाक्यांवरच हल्ले का झाले? आणि जंगल सत्याग्रहात शिंदीची झाडे तोडली, सरकारला लेव्ही दिली नाही, असे आम्ही वाचतो. झाडे तोडणे ही मालमत्तेची हानी झाली. मग ती अहिंसेत धरायची की हिंसेत?

---

निवृत्त_शिक्षक (सेलू)

पूर्णाताई, दोन्ही शंका महत्त्वाच्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

करोडगिरी म्हणजे संस्थानच्या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर घेतली जाणारी जकात. निजामाच्या राज्याला चारही बाजूंनी ब्रिटिश मुलूख लागून होता, त्यामुळे सरहद्दीच्या वाटांवर ठिकठिकाणी नाके होते. तिथे थोडे शिपाई, थोडी हत्यारे, दप्तर आणि गल्ला असे. कॅम्पवाल्यांना दप्तर जाळायचे होते, हत्यारे मिळवायची होती, आणि या बाजूच्या गावांना दिसू द्यायचे होते की सरकारचा अंमल इथे उरलेला नाही. नाका उठला की त्या भागातली वसुली थांबे, आणि वसुली थांबली की पाटील-पटवाऱ्यांचा धीर सुटे. उमरखेड कॅम्पला पैनगंगा ओलांडली की संस्थानची हद्द लागत असे. म्हणून हदगावच्या बाजूला ही कामे करता आली. जिथे अशी नदी किंवा हद्द जवळ नव्हती तिथल्या गावांना हा मार्गच उपलब्ध नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. आमच्या दुधनेच्या पट्ट्यातल्या माणसांना पळून कॅम्पला जायचे तर रात्री-रात्री चालत जावे लागे, आणि मागे राहिलेल्या बायका-मुलांना रझाकारांचा आणि पोलिसांचा जाच सोसावा लागे.

आता शिंदी. शिंदीपासून ताडीसारखे मादक पेय काढतात आणि आबकारीचे उत्पन्न हे निजाम सरकारच्या तिजोरीतले मोठे खाते होते. झाडांचा लिलाव होई, गुत्तेदार बोली लावत. १९४७ च्या पावसाळ्यात माणसे कुऱ्हाडी घेऊन ओढ्याकाठी गेली आणि त्यांनी ही झाडे पाडली. एक झाड पडले की सरकारचे तेवढे उत्पन्न बुडाले, असा तो सरळ हिशेब होता. १९३० मध्ये सुरत जिल्ह्यात गांधीजींनी स्वतः ताडाची झाडे तोडण्याच्या कार्यक्रमाला उत्तेजन दिले होते, त्यामुळे या कृतीला त्यांच्याच चळवळीत आधार होता. लेव्ही म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीच्या मानाने ठरवलेले धान्य सरकारने सक्तीने आणि कमी दराने उचलणे. ती न देणे हा तर शुद्ध असहकार.

याउलट तार तोडणे, रूळ उखडणे, गुप्तपणे काम करणे यांना गांधीजींनी १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर स्पष्ट नकार दिला, आणि भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने मालमत्तेच्या हानीपेक्षा लपवाछपवी मोठा दोष होता. झाड दिवसाढवळ्या तोडून तिथेच उभे राहणारा सत्याग्रही आणि रात्री रूळ काढून निघून जाणारा कार्यकर्ता यांत ते फरक करीत. जयप्रकाश नारायण यांना तो मान्य नव्हता. नोव्हेंबर १९४२ मध्ये हजारीबागचा तुरुंग फोडून ते बाहेर पडले आणि नेपाळच्या हद्दीत त्यांनी आझाद दस्ते उभे केले. अच्युतराव पटवर्धन आणि अरुणा असफअली यांनीही भूमिगत राहून काम केले, आणि गांधीजींनी सांगूनही अरुणाबाई तेव्हा प्रकट झाल्या नाहीत. साताऱ्याचे प्रतिसरकार याच काळातले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी प्रतिसरकारची माणसे पुढे हैदराबादच्या लढ्याच्या मदतीला आली. कॅम्पांची पद्धत आकाशातून पडली नाही. तिची तालीम १९४२ मध्येच झाली होती.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

सर्वांचे लेखन वाचले. एका बाजूवर मात्र कुणी काहीच लिहिलेले नाही, आणि ती माझ्या जिल्ह्याची आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आले, १७ ला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतर काय झाले हे आपण कार्यक्रमांत सांगत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरली. तिने दिलेला अहवाल सरकारने अनेक दशके बंद ठेवला. २०१३ मध्ये तो लोकांसमोर आला. या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, काळात आणि नंतर संस्थानभरात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नावाने सांगितले आहेत : उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान होते, आणि त्यातल्या असंख्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांची नोंद त्याच अहवालात आहे, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे.

ज्यांनी घरे जळताना पाहिली त्यांच्या संतापाला मी नावे ठेवत नाही. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी आमच्या शेजारच्या लातूरलाच वकिली करीत होता. त्याच्या भाषणांचे परिणाम आमच्या लोकांनी भोगले आहेत. इमरोजचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी मारले, कारण ते भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. म्हणजे रझाकार मुसलमानांनाही सोडत नव्हते, आणि तरीही बदला घेताना गावोगाव धर्म पाहिला गेला. गांधीजी अहिंसेचा आग्रह धरताना ज्या गोष्टीला भीत होते ती हीच होती असे मला वाटते. शस्त्र एकदा गावात आले की ते कुणाविरुद्ध वापरायचे हे नेता ठरवत नाही. कॅम्पच्या नेत्यांनी जातीय सूड घ्यायला सांगितले नव्हते आणि त्यांतील अनेकांनी तो थांबवण्याचा प्रयत्न केला, हे मी मानतो. परंतु शस्त्राचा निर्णय योग्य होता की नव्हता याचा हिशेब मांडताना हे मृत्यू एका बाजूला ठेवून तो मांडता येणार नाही.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

तेरणाकाठ, आपण लिहिले ते लिहिले जायलाच हवे होते. फक्त एक स्पष्टता असावी : सप्टेंबरनंतरच्या हत्यांना कॅम्पचा सशस्त्र प्रतिकार कारण झाला, असे अहवाल म्हणत नाही. सत्ता कोसळली, नवी बसायला वेळ गेला, आणि त्या पोकळीत गुंड, सूडाने पेटलेली माणसे आणि काही ठिकाणी गणवेशातलेही लोक सामील झाले. कॅम्प झालेच नसते तरी ही पोकळी निर्माण झाली असती.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

पोकळी निर्माण झाली असती हे मान्य आहे. परंतु त्या पोकळीत माणसांच्या हातात काय होते आणि मागच्या वर्षभरात त्यांना कशाची सवय लागली होती, हा प्रश्न उरतोच. ज्या गावांत वर्षभर दोन्ही बाजूंनी हल्ले आणि प्रतिहल्ले चालले, तिथे शेजाऱ्याकडे शत्रू म्हणून पाहणे अंगवळणी पडले होते. मला उत्तर हवे आहे ते दोष ठरवण्यासाठी नव्हे, तर अहिंसेवरची चर्चा नुसती बहाद्दुरी आणि भ्याडपणा या शब्दांत होऊ नये यासाठी.

---

मिलिंदनगरी (छत्रपती संभाजीनगर)

या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आतापर्यंत आलेले नाही, याचे मला वाईट वाटते, कारण अहिंसेवर त्यांनी केलेला विचार इतरांहून वेगळ्या जागेवरून आलेला आहे.

महाडला १९२७ मध्ये आणि नाशिकला काळाराम मंदिरासमोर १९३० पासून त्यांनी जो लढा दिला तो पूर्ण निःशस्त्र होता. महाडला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या माणसांवर लाठ्या-काठ्या घेऊन हल्ला झाला, माणसे जखमी झाली, आणि संख्येने पुष्कळ असूनही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हल्ला करू दिला नाही. म्हणजे सत्याग्रहाची शिस्त त्यांनी प्रत्यक्षात पाळून दाखवली. परंतु अहिंसा हा बिनअपवाद नियम आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत फरक केला. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, नियम तसे ठेवत नाही. टिळकांनी ज्या बुद्धवचनाला गीतेचे वचन उत्तर म्हणून दिले, त्याच बुद्धाचा आधार घेऊन बाबासाहेब टिळकांच्या बरेच जवळ येतात, हे मला या विषयातले सर्वांत विचार करायला लावणारे वळण वाटते.

आणि मग २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण. रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडा हे तर त्यांनी सांगितलेच, परंतु कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हेही सोडा असे सांगितले, कारण आता संविधानिक मार्ग उपलब्ध आहेत. गोदाकाठ म्हणतात तसा समोर कोण आहे हा प्रश्न इथेही आहे, पण बाबासाहेबांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला : दाद मागायला जागा आहे की नाही? निजामाच्या राज्यात ती नव्हती. १९४७ मध्ये त्यांनी संस्थानातील अस्पृश्य समाजाला निजामाच्या आणि इत्तेहाद या रझाकारांच्या मातृसंघटनेच्या बाजूला न जाण्याचे जाहीर आवाहन केले होते. हे आवाहन सोपे नव्हते, कारण गावातला सवर्ण आणि सरकारचा रझाकार या दोघांच्या मध्ये आमची वस्ती होती आणि मार दोन्हीकडून बसत होता. अहिंसा की शस्त्र ही निवड करण्याची चैन ज्यांना कधी मिळालीच नाही, त्यांचाही या इतिहासात विचार व्हावा.

---

पूर्णा_२१ (परभणी)

सर्वांचे आभार. क्रांतिकारकांबद्दल एक गोष्ट माझ्या वाचनात आली ती नोंदवते. भगतसिंग यांनी १९३० मध्ये तुरुंगात लिहिले आहे की, बळाचा वापर अत्यंत निकडीच्या प्रसंगी समर्थनीय आहे, आणि सर्व जनआंदोलनांसाठी अहिंसा हे धोरण म्हणून अपरिहार्य आहे. हे वाचून मला आश्चर्य वाटले, कारण शाळेत आम्हाला गांधीजी आणि भगतसिंग असे दोन टोकांचे प्रश्न येत. शेवटचे एक विचारते : धोरण म्हणून शस्त्र उचलणाऱ्यांनी ते नंतर खाली ठेवले का? मला तीच खरी परीक्षा वाटते.

---

गोदाकाठ (नांदेड)

पूर्णाताई, तुमचा प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे, आणि त्यामुळे बालाघाटी यांच्या आक्षेपालाही उत्तर देता येते.

गांधीजींना मी मिश्रणात घातले असा त्यांचा आक्षेप आहे. साधनाच्या शुद्धतेबाबत ते इतरांपेक्षा फार कडक होते, हे निर्विवाद आहे. परंतु ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर टोळ्या चालून आल्या आणि सरकारने सैन्य पाठवले, तेव्हा त्यांनी त्या निर्णयाला विरोध केला नाही. स्वतः काय करावे आणि ज्यांची तेवढी तयारी नाही अशांनी काय करावे, या दोन गोष्टी ते वेगळ्या धरीत होते. कॅम्पला त्यांची संमती होती असे मी म्हणत नाही. कॅम्पमधल्या माणसांना गांधीजींकडे पाठ फिरवावी लागली असेही मला वाटत नाही.

आता शस्त्र खाली ठेवण्याबद्दल. मराठवाड्यात स्टेट काँग्रेसचे कॅम्प पोलीस ॲक्शननंतर संपले. निजामाची सत्ता जाणे आणि संस्थान भारतात येणे, एवढ्यासाठी शस्त्र होते, आणि ते काम झाल्यावर त्याचे प्रयोजन उरले नाही. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा मात्र १९५१ पर्यंत चालू राहिला, कारण त्यांचा प्रश्न निजामापुरता नव्हता, जमिनीचाही होता, आणि देशमुखांची, म्हणजे तिथल्या मोठ्या जमीनदारांची, जमीन १७ सप्टेंबरला कुणी वाटून दिली नव्हती. हा फरक ध्यानात घेतला तर कोण अधिक हिंसक होता, या प्रश्नापेक्षा कुणाचे काम कधी पूर्ण झाले, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. त्याच तेलंगणात १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीला विनोबांना जमिनीचे पहिले दान मिळाले आणि भूदानाला सुरुवात झाली. एकाच दुखण्यावर दोन उपाय, एकाच मुलखात, एकाच वर्षी चालू होते.

तेरणाकाठ यांनी मांडलेल्या मृत्यूंना माझ्याकडे उत्तर नाही, आणि या धाग्यावर ते मिळावे अशी घाईही करू नये. आपापल्या गावात जी वृद्ध माणसे अजून आहेत, हिंदू, मुसलमान, दलित सगळी, त्यांच्याकडून त्या दोन वर्षांबद्दल विचारून कुणी लिहिणार असेल तर इथेच लिहावे.

माणसांबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू १९५२ नंतर हैदराबाद राज्याचे गृहमंत्री झाले. ज्या पोलीस ठाण्यांवर कधी हल्ले झाले होते त्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. मुक्तिसंग्रामातलेच नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाड्याच्या विकासाच्या मागण्यांसाठी पुढची अनेक वर्षे सभा, निवेदने आणि आंदोलने यांच्याच मार्गाने काम केले. रावी नारायण रेड्डी १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, पुढे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याचे पुढारी झाले, आणि १९५२ मध्ये नळगोंड्याहून निवडून आले. त्याच पहिल्या लोकसभेत गुलबर्ग्याहून निवडून आलेले स्वामी रामानंद तीर्थही होते.